साडूंची लांबडी

आपल्या गाडीबद्दल सलग दोन तास बोलावं आणि तेवढ्या वेळात गाडी जागची तसूभरही हलवू नये, ही विद्या अवगत असलेला माणूस साऱ्या नाशिक जिल्ह्यात एकच आहे, आणि माझं नशीब असं की तो माझा साडू आहे. साडू हे नातंच मुळात अवघड. भावाशी भांडता येतं, मेहुण्याची थट्टा करता येते, व्याह्यांपुढे मान तुकवता येते. साडूचं नेमकं काय करायचं हे कोणी सांगून ठेवलेलं नाही. एका घरच्या दोन मुली केल्या एवढ्या गुन्ह्यावरून दोन परक्या पुरुषांना जन्मभर शेजारी शेजारी पाटावर बसवतात, आणि सासूबाई कोणाच्या पानात आधी पोळी वाढतात याकडे दोघेही डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत राहतात. आमचे साडू थोरले, म्हणून पहिली पोळी त्यांची. द्राक्षबागेच्या मांडवाला लागणाऱ्या तारा आणि लोखंडी अँगल विकून त्यांनी गंगापूर रोडला बंगला बांधला. मी सिडकोत राहतो आणि पोरांना भूगोल शिकवत निवृत्त झालो, त्यामुळे अख्खं सासर मला मास्तर म्हणतं. साडूही मास्तरच म्हणतात, पण ते म्हणतात तेव्हा त्यात ‘बिचारे’ हा शब्द न उच्चारता ऐकू येतो.

तर ही गाडी. साधी मोटार नव्हे, तिला स्टेशन वॅगन म्हणतात. माझ्या बायकोनं हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिनं अगदी सरळ मनानं विचारलं, “का हो, स्टेशनवर कोण येणार आहे?” परदेशी बनावटीची, रंग काळपट निळा. पुढून बघावी तर एखाद्या मंत्र्याची वाटते आणि मागं मागं जावं तर संपतच नाही. इतर गाड्यांना जिथं डिकी येते तिथं हिचं छप्पर तसंच पुढं चालत राहतं, जणू बिल्डरनं एक खोली जास्त काढून दिली आहे. असली गाडी आपल्याकडे फारशी कोणी बघितलेली नाही, आणि जी बघितली आहे ती वेगळ्या कामाची. घेतल्याच्या पहिल्या आठवड्यात साडू पंचवटीतून जात होते. लोक आपणहून बाजूला होत होते. दोघातिघांनी हात जोडले. एका म्हाताऱ्यानं तर डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. साडू त्याच संध्याकाळी माझ्याकडे येऊन म्हणाले, “मास्तर, काही म्हणा, लोकांना अजून दर्जा कळतो.” तो रस्ता अमरधाम स्मशानाकडे जातो हे भूगोलाच्या शिक्षकाला ठाऊक असणारच, पण मी गप्प बसलो. एवढ्याशा गैरसमजावर माणूस महिनाभर खूश राहत असेल तर आपण कशाला पाप घ्यायचं. घरी मात्र मी त्या गाडीचं नाव ‘लांबडी’ ठेवलं, आणि ते आमच्याकडे लगेच रुळलं.

आता एवढी गाडी घेतली कशासाठी, तर बायकोला गाडी लागते म्हणून. हे मी सांगत नाही, साडू स्वतः चारचौघांत सांगतात. आपल्या मराठीत गाडी फलाटालाही लागते आणि माणसालाही. माझ्या थोरल्या मेहुणीला, म्हणजे ताईंना, ती फलाटाला लागायच्या आधीच लागते. नुसता डिझेलचा वास आला की त्यांचा चेहरा उतरतो. आवळासुपारी झाली, लिंबू हुंगून झालं, आलेपाक झाला, सीटवर वर्तमानपत्र अंथरून त्यावर बसण्याचा उपाय झाला. डॉक्टरच्या गोळीनं तर त्या दुसऱ्या दिवसापर्यंत झोपून राहिल्या. नाशिकच्या नाशिकमध्ये त्या कशाबशा निभावून नेतात. पण त्यांचं माहेर पेठला आहे, आणि पेठला जायचं तर सावळघाट ओलांडावा लागतो, मग करंजाळी, मग कोटंबीचा घाट. चार वर्षांपूर्वी सासूबाईंचं कमरेचं हाड मोडलं. मुलगा आणि सून जवळ आहेत, सगळं नीट करतात, पण तेव्हापासून सासूबाई घराबाहेर पडू शकत नाहीत. ताई तेव्हा निघाल्या होत्या, पण सावळघाटात त्यांची अशी अवस्था झाली की शुद्ध हरपली आणि गाडी मागं वळवावी लागली. त्यानंतर रोज संध्याकाळी फोनवर सासूबाई विचारतात, “कधी येतीस गं?” आणि ताई म्हणतात, “येते ना, जरा ऊन कमी होऊ दे.” असं ऊन कमी व्हायची वाट बघण्यात चार वर्षं गेली. सासूबाईंचं वय आता मोजण्याच्या पलीकडे गेलेलं. एकदा लेकीला डोळ्यांनी बघावं एवढीच त्यांची इच्छा उरली होती, आणि ताई त्या एका इच्छेपुढे रोज हरत होत्या.

साडूंनी या चार वर्षांत तीन गाड्या बदलल्या. दर वेळी नवी गाडी आली की पेढे यायचे, आणि पेढ्यांबरोबर तेच वाक्य यायचं, “ही तिला लागणार नाही.” दर वेळी ती लागायची. मखमलाबाद सोडायच्या आतच ताई खिडकीबाहेर. मग गाडी विकायची आणि दुसरी आणायची. बायकोच्या पोटाचं नाव पुढं करून स्वतःचे डोहाळे पुरवून घेणारे नवरे मी पाहिले आहेत, पण त्यासाठी शोरूममागून शोरूम पालथं घालणारा हा पहिलाच. मी माझ्या बायकोला म्हणालोसुद्धा, “तुझ्या ताईला बरं वाटलं तर या माणसाची फार पंचाईत होईल. पुढची गाडी कुठल्या कारणानं घेणार?” ती उठून पोळ्या लाटायला निघून गेली.

लांबडी आल्यावर मात्र ‘लागणार नाही’ या वाक्याला शास्त्राची जोड मिळाली. साडू मला बंगल्यासमोर उभ्या गाडीत बसवायचे आणि शिकवणी सुरू करायचे. “उंच गाड्या वळणावर डोलतात, मास्तर. ही बुटकी आहे, जमिनीला धरून चालते. आत जागा मोठ्या गाडीची, पण चाल सापासारखी. आणि चारही चाकं ओढतात.” मी सहज विचारलं की बाकीच्या गाड्यांची उरलेली दोन चाकं काय करतात. “ती नुसती मागं बसून फुकट येतात,” साडू म्हणाले. हे बोलताना त्यांनी माझ्याकडे बघायची काही गरज नव्हती. मग हवेवर तरंगणारं सस्पेन्शन. एक बटण दाबलं की गाडी उकिडवी बसते, दुसरं दाबलं की उभी राहते. मांडव बघायला येणाऱ्या शेतकऱ्यांसमोर साडू तिला इतक्या उठाबशा काढायला लावत की एक सायखेड्याचा शेतकरी शेवटी म्हणाला, “दमली असल ती आता, राहू द्या.” खुर्चीत पाठ चोळून देणारी यंत्रणा आहे. ती चालू केली की पाठीत कोणीतरी गुडघा खुपसल्यासारखं वाटतं. त्याला ते मसाज म्हणतात. खुर्ची गरम होते. निफाडकडे थंडीत पारा उतरतो हे खरं, पण साडू ती गरम करून दाखवायचे ते मे महिन्यात. मला नाही म्हणता येईना. मी घामाघूम होऊन उतरलो तेव्हा ते समाधानानं म्हणाले, “बघितलंत, किती लवकर तापते?”

मागचं दार हा स्वतंत्र अध्याय. हात न लावता ते उघडतं. बंपरखाली पाय फिरवला की झालं. आता पाय नेमका कुठं फिरवायचा हे गाडीला माहीत आणि गाडी सांगत नाही. कॉलेज रोडला दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन आमचे साडू एका पायावर उभे राहून दुसऱ्या पायानं हवेत लाथा मारताहेत, हे दृश्य मी स्वतः पाहिलं आहे. शेजारच्या पानवाल्याला वाटलं, पायाला मुंग्या आल्या. तो बिचारा खुर्ची घेऊन धावला. तेवढ्यात दार उघडलं, आणि इतक्या जोरात उघडलं की खुर्ची आणि पानवाला दोघेही मागं सरकले. गाडीला बोलताही येतं. बाई बोलते, इंग्रजीत. साडू तिच्याशी तारा विकणाऱ्याच्या इंग्रजीत बोलतात आणि दोघांचंही एकमेकांवाचून काही अडत नाही. “टेक मी टू पेठ,” साडू म्हणतात. बाई त्यांना पुण्यातल्या कुठल्या तरी पेठेत न्यायला निघते. “हिला नाशिकचा भूगोल शिकवा, मास्तर,” ते मला म्हणाले. आयुष्यात माझ्या विषयाचं महत्त्व त्यांनी तेवढं एकदाच मान्य केलं.

आणि वेग. उभ्या जागेवरून पाच सेकंदांच्या आत शंभर, हे ते इतक्यांदा सांगत की मला स्वप्नातही कोणीतरी पाचपर्यंत मोजतंय असं वाटायचं. पण शंभरनं जायला रस्ता हवा. तसा मोकळा, सरळ, गतिरोधक नसलेला तुकडा साडूंनी जिल्हाभर शोधला, आणि शेवटी एका रविवारी सकाळी रामशेजच्या पायथ्याशी मला पुराव्यासाठी बरोबर घेतलं. “धरून बसा,” ते म्हणाले. मी बसलो. एक, दोन, तीन म्हणेपर्यंत माझं पोट मागच्या सीटवर गेलं, आणि चौथ्या सेकंदाला शेतातून टोमॅटोचे कॅरेट भरलेला ट्रॅक्टर शांतपणे रस्त्यावर आला. साडूंच्या आधी गाडीनंच ब्रेक लावला. ट्रॅक्टरवाला खाली उतरला, दोन्ही गाड्यांमधलं वीतभर अंतर त्यानं बघितलं आणि म्हणाला, “काका, लय घाई हाय का?” त्यानंतर साडूंनी शंभरचा विषय काढला नाही. मला वाटलं, जिरली. मला आनंद झाला हे कबूल करतो. साडूंची जिरण्यातला आनंद फक्त दुसऱ्या साडूलाच कळतो.

पण पुढं त्यांनी जे सुरू केलं ते बघून मी माझ्या बायकोला गंभीरपणे म्हणालो, की तुझ्या दाजींना कोणा चांगल्या डॉक्टरला दाखवा. ते तांब्या घेऊन घाटात जायला लागले. पितळेचा तांब्या, काठोकाठ पाण्यानं भरलेला. तो ताईंच्या सीटवर ठेवायचा, पंचा गुंडाळून बूड पक्कं करायचं आणि सावळघाट चढायचा. कुठल्या वळणावर किती पाणी सांडलं ते एका वहीत लिहायचं. पहिल्या खेपेला करंजाळीपर्यंत अर्धा तांब्या त्या महागड्या कातडी सीटनं पिऊन टाकला. दुसऱ्या खेपेला पाव. मग कुठल्या वळणाला किती वेग, हवेचं सस्पेन्शन मऊ ठेवायचं की कडक, हे सगळं ठरत गेलं. मी विचारलं, “साडूसाहेब, तीर्थ घेऊन निघालात की काय?” ते चिडले नाहीत. म्हणाले, “मास्तर, काल कोटंबीत फक्त चमचाभर सांडलं.” अकरा खेपा केल्या त्या माणसानं. अकराव्या वेळी तांब्या भरलेला पेठच्या नाक्यावर पोचला, आणि तिथून ते वळून परत आले. “मग सासूबाईंना भेटलात का?” मी विचारलं. “नाही,” ते म्हणाले, “अकराही वेळा नाक्यावरूनच परत आलो. तिच्याआधी मी कसा जाऊ?” यावर मला पटकन काही थट्टा सुचली नाही. घरी आल्यावर सुचली, पण तोपर्यंत वेळ गेली होती.

जायचं ठरलं. थंडीचे दिवस, रविवार. आदल्या संध्याकाळी माझ्या बायकोनं आईला फोन लावला. सासूबाईंना कमी ऐकू येतं आणि त्या भागात फोन अर्धाच ऐकू येतो. “आई, उद्या लांबडी येतेय दारात. अंगण मोकळं करून ठेवा.” पलीकडून सासूबाई ओरडल्या, “लांबडं? दारात?” “हो, अकरा वाजेपर्यंत येईल,” बायको म्हणाली आणि फोन तुटला. लांबडं म्हणजे त्यांच्याकडे साप. दिवेलागणीनंतर त्याचं खरं नाव घेत नाहीत. तो वेळ सांगून कसा येईल, एवढा विचार तिकडे कोणी केला नाही.

ताई पुढं, मी आणि बायको मागं. साडूंनी निघताना नियम वाचून दाखवले: कोणी खायचं नाही, कोणी अत्तर लावायचं नाही, आणि ‘आता कसं वाटतंय’ हे फक्त त्यांनीच विचारायचं. मग त्यांनी गाडी सोडली. पाच सेकंदांत शंभर गाठणारी ती गाडी त्या दिवशी घाटात विसाच्या वर गेली नाही. मागं ट्रकची रांग लागली, एसटीवाल्यानं हॉर्न वाजवून वाजवून शेवटी आशाच सोडली, डोक्यावर मोळ्या घेतलेल्या बायका आमच्याबरोबर थोडा वेळ चालल्या आणि पुढं निघून गेल्या. दर दोन वळणांनी साडू गाडी बाजूला घेत. एकदा टायरची हवा बघायला, एकदा ब्रेक गार करायला, एकदा खालच्या दरीचा फोटो काढायला. त्यांनी जन्मात कधी दरीचा फोटो काढलेला नाही. “कसं वाटतंय?” ते समोर बघत विचारत. “काहीच नाही हो. छान चाललीय,” ताई म्हणत. एरवी प्रवासात तोंडातून शब्द न काढणाऱ्या ताई त्या दिवशी अखंड बोलत होत्या. लहानपणची शाळा, करंजाळीचा बाजार, कोणाची तरी काळी म्हैस. साडूंची कॉलर घामानं भिजली होती. मला या सगळ्याचं हसू येत होतं, आणि ते दाबायला मी समोरच्या सीटच्या पाठीला बसवलेल्या स्क्रीनवर गाडीची माहिती वाचत बसलो. चारही चाकांना ताकद कशी वाटली जाते त्याची आकृती होती. ती आकृती फिरत होती. कोटंबीच्या तिसऱ्या वळणावर मी एवढंच म्हणालो, “थांबवा.”

लाज वाटते सांगायला, पण त्या गाडीत लागली ती मला. रस्त्याकडेला बसून मी पोटातलं सगळं रिकामं केलं. साडू धावत आले. आता हा माणूस मला हसणार, तीस वर्षांचं उट्टं काढणार, अशी मी मनाची तयारी केली होती. ते हसले नाहीत. माझी पाठ चोळत बसले, पाणी दिलं, स्वतःचा रुमाल दिला. बायको दुसऱ्या बाजूनं कपाळ धरून होती. दहा मिनिटं सगळे माझ्याभोवती. मग पुन्हा निघालो, आणि अकराच्या सुमाराला पेठला दारात पोचलो.

दारात आठदहा माणसं काठ्या घेऊन उभी होती. एकाच्या हातात गोणपाट, एकाच्या हातात चिमटा. “कुठं हाय?” शेजारच्या घरातला माणूस ओरडला. साडूंना वाटलं, गाडी बघायला लोक जमले आहेत. ते खाली उतरले आणि अभिमानानं म्हणाले, “मागं या, मागून दाखवतो.” सगळी मंडळी काठ्या उगारून मागच्या बाजूला गेली. साडूंनी बंपरखाली पाय फिरवला. या वेळी पहिल्या झटक्यात दार आपोआप वर गेलं, आणि पेठची ती शूर माणसं चार पावलं मागं उडाली. आत फक्त सासूबाईंसाठी आणलेली पेरूची पाटी होती. सगळा उलगडा व्हायला बराच वेळ लागला. तोवर ताई कोणाचीही वाट न बघता आईपाशी गेल्या होत्या.

सासूबाई दारातच प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी गाडीकडे बघितलं नाही, काठ्यांकडे बघितलं नाही. ताईंचा चेहरा दोन्ही हातांत धरून त्या चाचपडत राहिल्या. दिसत कमी होतं म्हणून की खात्री पटत नव्हती म्हणून, कोण जाणे. “आली का गं?” त्या म्हणाल्या. “ऊन कमी झालं वाटतं.” ताई त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडल्या, आणि माझी बायकोही रडली. मी आजारी होतो म्हणून माझे डोळे भरून आले असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं.

दुपारी मी मागच्या दारी तोंड धुवायला गेलो तेव्हा ताई तिथं होत्या. म्हणाल्या, “मास्तर, तुमचे उपकार झाले.” मला कळेना. त्या हळूच म्हणाल्या, “मला करंजाळीपासूनच होत होतं. बोलत राहिलं की जरा दाबून ठेवता येतं. तुम्ही उतरलात, सगळे तुमच्याकडे धावले, तेवढ्यात मी पलीकडे झाडामागं जाऊन आले. नाहीतर गाडीतच झालं असतं.” त्यांनी वळून अंगणाकडे बघितलं. “यांना सांगू नका,” ताई म्हणाल्या. “अकरा वेळा तांब्या घेऊन आलेत ते. पाण्याला काय होतंय मास्तर, पाण्याला पोट असतं का? पण त्यांना वाटलं की नाही लागली, तर मला परत आणतील. नाहीतर ही पण विकतील आणि दुसरी शोधत बसतील. आईकडे तेवढे दिवस नाहीत.” मग पदरानं तोंड पुसून त्या पुन्हा आईजवळ जाऊन बसल्या.

म्हणजे तीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातात असं काही आलं होतं की एका वाक्यात साडूंची ती सगळी गाडी, चारही चाकांसकट, मातीत गेली असती. मी बाहेर आलो. साडू अंगणात गाडीशी उभे होते. आजूबाजूला पोराटोरांची गर्दी होती, पण ते कोणाला बटणं दाबून दाखवत नव्हते. मला बघून जवळ आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, “मास्तर, तुम्ही मागं बसला होतात. खरं सांगा. तिला लागली का हो?” त्यांच्या आवाजात तो नेहमीचा ‘बिचारे’ नव्हता. त्या माणसाइतकं घाबरून मला कधी कोणी काही विचारलं नसेल, परीक्षेच्या निकालाआधी पोरांनीसुद्धा नाही. मी म्हणालो, “छे. ताईंना काहीसुद्धा झालं नाही.” “आणि तुम्हाला?” “मी निघायच्या आधी नाक्यावर चोरून मिसळ खाल्ली होती. दोन पाव जास्त घेतले.” सकाळपासून माझ्या पोटात नुसता चहा होता. साडूंनी डोळे मिटून घेतले. मग माझा हात धरून म्हणाले, “म्हणजे पुढच्या महिन्यात परत आणता येईल.” त्यानंतर ते बराच वेळ गाडीबद्दल एक अक्षर बोलले नाहीत.

आता ते दर महिन्याला जातात. ताई दर वेळी बोलत राहतात, साडू दर वेळी कुठल्या तरी झाडापाशी टायरची हवा बघायला थांबतात आणि, माझ्या बायकोचं म्हणणं, थांबल्यावर मुद्दाम दुसरीकडे तोंड करून उभे राहतात. त्यांना कळलं आहे की नाही, मी विचारलेलं नाही. सासूबाई मात्र फोनवर ‘कधी येतीस’ विचारायच्या ऐवजी आता ‘पोचलीस का’ विचारतात. मी त्या गाडीची थट्टा अजूनही करतो; ती न करण्याइतका मी सुधारलेलो नाही. पण रात्री कधी तरी मनात येतं की हा माणूस बायकोच्या सीटवर तांब्या ठेवून घाट चढत होता तेव्हा मी त्याच्यावर विनोद रचत होतो. माझ्या बायकोला कधीच काही लागत नाही. तीस वर्षं ती माझ्या स्कूटरवर मागं बसते, आणि ती नीट बसली आहे का हे मी एकदाही मागं वळून बघितलेलं नाही, कारण कधी वेळच आली नाही. परवा भाजी घेऊन येताना सिडकोच्या वळणावर मी स्कूटर सावकाश केली आणि विचारलं, “बरी बसलीस ना?”

ती घाबरून माझा खांदा धरून म्हणाली, “का हो, काय झालं? पेट्रोल संपलं का?”